घर बदलतोय, पण बंब सुटत नाहीये! तुमच्याकडे कुठल्या जुन्या वस्तू आणि सवयी अजून चालू आहेत?

जास्वंद
नमस्कार मंडळी, खूप महिन्यांनी धागा काढतेय. आमचा पेठेतला वाडा शेवटी पाडायला घेतायत आणि पुढच्या महिन्यात आम्ही सातव्या मजल्यावरच्या दोन बीएचके मध्ये जातोय. गेले पंधरा दिवस पोटमाळा उपसणं चाललंय. डालड्याचे डबे, तळ गेलेले पत्र्याचे डबे, वाती जळून गेलेले दोन स्टोव्ह, १९८९ पासूनची कालनिर्णयं (सगळ्यांच्या मागे दुधाचा हिशोब), हे सगळं काढलं, त्याचं काही वाटलं नाही. अडलंय ते बंबापाशी.

सासूबाईंचं वय ८१. त्यांच्या लग्नाच्या आधीपासून घरात तांब्याचा बंब आहे आणि गीझर असूनही थंडीत तो अजून पेटतो. पहाटे साडेपाचला उठून त्या स्वतः करवंट्या आणि नारळाच्या शेंड्या घालून पेटवतात, दुसऱ्या कोणी पेटवलेला चालत नाही. आमच्या बंबाची रचना अशी आहे की वरच्या नरसाळ्यातून गार पाणी ओतल्याशिवाय तोटीतून गरम पाणी बाहेरच येत नाही, गार पाणी तळाला जातं आणि वरचं तापलेलं पाणी ढकललं जातं. म्हणजे एक बादली घ्यायची तर आधी एक बादली ओतायची. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला घरातली पहिली गोष्ट ही शिकवली, की आपण ओतलेलं पाणी आपल्याला मिळत नसतं, ते मागच्याला मिळतं, आपल्याला आधीच्याने ओतलेलं मिळतं. त्यामुळे रिकाम्या हाताने बंबापाशी जायचं नाही. माझी मुलं आता पंचविशीतली आहेत, ती पण अजून न सांगता बादली भरून नेतात.

आता सातव्या मजल्यावर बंब पेटवता येणार नाही हे त्यांनाही कळतं, पण "मोडीत द्यायचा नाही" एवढंच म्हणतायत आणि दोन दिवस नीट जेवल्या नाहीयेत. तुमच्यापैकी कोणावर अशी वेळ आली असेल तर काय केलंत ते सांगा. आणि तुमच्याकडच्या न सुटलेल्या वस्तूंबद्दल पण लिहा, मी त्यांना वाचून दाखवणार आहे, त्यांना बरं वाटेल.

रंकाळ्याचा_वारा
ताई, मोडीत अजिबात देऊ नका, हात जोडून सांगतोय. आमच्याकडं गावात अजून रोज बंब पेटतोय, शेणी घालतो आम्ही. मोडीत देताना वजन करत्यात, त्यात घट धरत्यात, तोटी पितळेची म्हणून वेगळी काढत्यात आणि जे पैसं हातात पडतात त्यात आज तसला नवा बंब येत नाही. आमच्या चुलत्यांनी दिला होता आणि नंतर चार वर्षं सारखं तेच बोलत होते. शेतावर, गावाकडं, पाहुण्यात कुणाकडं अंगण असंल तर तिकडं द्या. पेटता राहिला पाहिजे एवढंच बघा. आणि राख टाकू नका हं, भांड्याला आणि झाडाला दोन्हीला चालती.

निमा_न्यूजर्सी
वाचताना डोळ्यात पाणी आलं जास्वंद. माझं बंबासारखं मोठं काही नाही पण विळी आहे. २००३ मध्ये इकडे आले तेव्हा आईने चेक-इन बॅगेत साड्यांच्या मध्ये घालून दिली, पात्याला आधी वर्तमानपत्र, मग जुना टॉवेल, मग सुतळी. इकडे फ्रोझन खवलेला नारळ मिळतो, फूड प्रोसेसर आहे, चॉपर आहे, सगळं आहे. पण मोदकाचं सारण मी विळीवर खवलेल्या खोबऱ्याचंच करते. फ्रोझन खोबरं चिकटतं, गुळाबरोबर शिजताना पाणी सोडतं आणि सारण सैल होतं, ताजं खवलेलं मोकळं राहतं. आणि नारळ हातात फिरवत खवताना पांढरं संपून करवंटीजवळचं तपकिरी कुठे सुरू होतं ते हातालाच कळतं, तिथे थांबायचं.

गुडघ्यामुळे आता खाली बसवत नाही, म्हणून नवऱ्याने ओट्यावर बसेल अशी जाड फळी करून दिलीय, तिला दोन क्लॅम्प लावून विळी पक्की करते आणि उभ्याने खवते. माझी मुलगी सतरा वर्षांची आहे, तिला पालेभाजी विळीवर चिरता येते, याचा मला खूप अभिमान आहे. सासूबाईंना सांगा, अटलांटिकच्या पलीकडे एक विळी रोज वापरात आहे.

फोंड्याची_माई
निमा, आमच्याकडे गोव्यात आदोळी म्हणतात विळीला. आमच्या घरात अजून माशाचं हुमण मातीच्या कुंडल्यातच होतं. नवीन कुंडलं आणलं की आधी रात्रभर पाण्यात ठेवायचं, मग त्यात पेज उकळायची, एकदम आमटी टाकायची नाही, तडा जातो. साबण लावत नाही कधी, माती साबण पिते आणि मग तो आमटीत उतरतो. काथ्या आणि गरम पाणी, बास. स्टीलच्या टोपात केलेलं हुमण दुसऱ्या दिवशी तसं लागत नाही, कुंडल्यातलं दुसऱ्या दिवशीच खरं लागतं.

नाना_डोंबिवली
जास्वंद, आमच्या घरी वस्तूंपेक्षा कपडे धुण्याची पद्धत सुटलेली नाही. माझे वडील शाळामास्तर, पांढरा सदरा आणि लेंगा, आयुष्यभर तोच पोशाख. आई कपडे ५०१ बारने धुवायची. तो लांब बार यायचा, दोऱ्याने त्याच्या वड्या पाडायच्या आणि खिडकीत वाळत ठेवायच्या, वाळलेला साबण कमी झिजतो. ५०१ काय, मोती काय, दोन्ही टाटांच्या ऑईल मिलचे, १९९३ मध्ये ती कंपनी हिंदुस्तान लिव्हरकडे गेली. मोती अजूनही दिवाळीला आमच्याकडे येतोच, पहिल्या आंघोळीला तो गोल वजनदार साबण हातात आला नाही तर दिवाळी सुरू झाल्यासारखं वाटत नाही.

पण मला सांगायचंय ते निळीबद्दल. पांढरा सुती कपडा धुवून धुवून पिवळट पडतो, निळीने तो पिवळेपणा झाकला जातो आणि डोळ्याला पांढरं दिसतं. पावडरची नीळ पाण्यात विरघळत नाही, तिचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात, म्हणून ती थेट बादलीत टाकली की कपड्यावर निळे ठिपके पडणार. आई जुन्या धोतराच्या तुकड्यात चिमूटभर नीळ घेऊन पुरचुंडी बांधायची आणि ती बादलीत फिरवायची, मग ओंजळीत पाणी घेऊन उजेडात रंग बघायची. कपडा पूर्ण उलगडून एकदम बुडवायचा आणि लगेच काढायचा, घडी राहिली तर घडीत नीळ बसते. नंतर उजाला आलं, चार थेंबात काम होऊ लागलं, पण मी अजून पुरचुंडीच करतो. वडील जाऊन बारा वर्षं झाली, आता पांढरे सदरे मी घालतो आणि नीळ मीच घालतो. ओंजळीतलं पाणी उजेडात धरतो तेव्हा आई शेजारी उभी असल्यासारखं वाटतं.

केतकी८१
नाना किती सुंदर लिहिलंत. आमच्याकडे खळ! आईच्या इरकली साड्यांना अजून साबुदाण्याची खळ घालते मी. साबुदाणा भिजवून भरपूर पाण्यात शिजवायचा, पारदर्शक झाला की गाळायचं, कोमट असताना त्यात साडी बुडवायची आणि सावलीत वाळवायची, थोडी दमट असतानाच इस्त्री. भाताची पेज पण चालते पण ती नीट गाळली नाही तर साडीवर पापुद्रे दिसतात. एकदा घातली की साडी नव्यासारखी अंगावर उभी राहते.

वऱ्हाडातला_उन्हाळा
अमरावतीकडून लिहितो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते आणि फ्रीज असूनही घरात प्यायचं पाणी माठातलंच. आई म्हणते फ्रीजचं पाणी घशाला लागते, पोटाला लागत नाही. माठाच्या अंगावरच्या बारीक छिद्रातून पाणी झिरपून वाफ होते आणि ती वाफ होताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते, म्हणून आमच्या कोरड्या हवेत माठ जेवढा गार करते तेवढा मुंबईच्या दमट हवेत करत नाही. खूप जण विचारतात की माठ दुसऱ्या वर्षी गार का करत नाही, तर पाण्यातले क्षार बसून छिद्रं बुजतात म्हणून. दर उन्हाळ्यात नवा माठ, अन् जुन्यात तुळस नाहीतर मोगरा. पाण्यात वाळ्याची जुडी टाकतो आम्ही, पहिले दोन दिवस तर दारातून आलेल्या माणसाले वासानंच कळते.

जास्वंद
बापरे, एका रात्रीत इतक्या पोस्ट! सगळ्या सासूबाईंना वाचून दाखवल्या. निमाच्या क्लॅम्पचं त्यांना फार कौतुक वाटलं, दोनदा वाचायला लावलं. नानांचं वाचून त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या उठून आत गेल्या आणि सासऱ्यांचा एक सदरा घेऊन आल्या.

अजून एक विचारायचं होतं. धान्याच्या कोठ्या रिकाम्या करताना तांदळाला एरंडेल लावलेलं आहे, गव्हात कडुनिंबाचा पाला आणि बिब्बे आहेत, ते ठीक. पण एका कोठीत फडक्यात बांधलेल्या राखाडी गोळ्या निघाल्या, कोणीतरी गावाहून आणून दिलेल्या. आणि साड्यांच्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्या ढिगाने आहेत. नव्या घरात हे न्यावं का?

ओवा
जास्वंद, मी पंचवीस वर्षं नर्स आहे, त्यामुळे हे जरा ठासून लिहितेय, कृपया आजच वाचा. त्या राखाडी गोळ्यांना उघड्या हाताने हात लावू नका. गोदामात धान्यासाठी वापरतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या असू शकतात. त्यांना हवेतला ओलावा लागला की फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो आणि त्या विषावर उतारा नाही. बंद खोलीत रात्रभर राहिला तर अख्खं कुटुंब जाऊ शकतं. पाण्यात टाकू नका, बेसिनमध्ये तर अजिबात नाही. ती खोली मोकळी करा, खिडक्या उघड्या ठेवा, माणसं लांब ठेवा आणि अग्निशमन दलाला फोन करून विचारा. ते धान्य पण वापरू नका.

डांबराच्या गोळ्यांचं वेगळं आहे, त्या जुन्या सवयीतल्या आहेत आणि सगळ्यांकडेच असतात. पण काही मुलांच्या रक्तात जी६पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं, अशा बाळाला डांबराच्या गोळ्यांमधून काढलेलं दुपटं किंवा झबलं न धुता गुंडाळलं तर त्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटायला लागतात आणि कावीळ जोरात चढते. मी ड्युटीवर असताना असं एक बाळ बघितलंय, आजीनं प्रेमाने जपून ठेवलेली दुपटी होती, तिला काहीच माहीत नव्हतं, ती कोपऱ्यात बसून नुसती हात चोळत होती. तेव्हापासून मी भेटेल त्या प्रत्येक आजीला हे सांगते. साड्यांसाठी वेखंडाचे तुकडे मलमलच्या पुरचुंडीत ठेवा. पैठणी मऊ सुती कापडात गुंडाळा आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडे घडी घाला, नाहीतर जर घडीवर चिरतो.

शिवनेरी_७२
ओवाताई, तुमचा मान राखून म्हणतो, पण आमच्या आजीने साठ वर्षं ट्रंकेत डांबराच्या गोळ्याच ठेवल्या, आम्ही नऊ नातवंडं त्याच दुपट्यात वाढलो. जुन्या लोकांनी केलेलं सगळं असं एकदम चूक ठरवू नये असं मला मनापासून वाटतं.

ओवा
शिवनेरी दादा, तुमच्या आजीची माया मी चूक ठरवत नाहीये. तुम्ही नऊ जण ज्या नशिबाने वाचलात ते सगळ्यांच्या वाट्याला येत नाही एवढंच आहे, आणि कुठल्या बाळात ते एन्झाइम कमी आहे हे बघून कळत नाही. मी स्वतः माझ्या नातवाला ओव्या-शेपांची ऊब दिलीय, एरंडेल लावलेल्या तांदळाचाच भात करते, अमृतांजन माझ्या उशाशी असतं. ते १८९३ मध्ये मुंबईत सुरू झालेलं, माझ्या पणजीनेही वापरलेलं. जे सोडायचं ते सोडा म्हणजे बाकीचं निश्चिंतपणे ठेवता येईल.

शिवनेरी_७२
पटलं. घरी ट्रंक आहे, या रविवारी उघडतो. सुनेला सातवा महिना आहे, बरं झालं वाचलं.

मठार
उशिरा लिहितोय. मी पुण्यात कसब्यात तांबट आळीच्या जवळ वाढलो, सकाळी उठायचो तेच ठोक्यांच्या आवाजाने. पेशव्यांच्या काळात कोकणातून आलेली ही तांबट मंडळी, भांड्यावर छोट्या हातोडीने एकसारखे ठोके देत जातात त्याला मठार म्हणतात, त्याने भांडं मजबूतही होतं आणि चमकतंही. जास्वंद ताई, तुमच्या बंबावर ते गोल गोल चकत्यांसारखे ठोके आहेत का बघा. असतील तर तो हाताने घडवलेला आहे.

मला कल्हईबद्दल लिहायचंय कारण ती सुटली की तांब्यापितळेची भांडी आपोआप माळ्यावर जातात आणि मग मोडीत. आमच्या घरात आमटी अजून पितळी पातेल्यात होते. लहानपणी कल्हईवाला यायचा, अंगणात छोटा खड्डा करायचा, त्यात कोळसे, बाजूला भाता, आणि तो भाता मारायला आम्ही पोरं भांडायचो. भांडं आधी घासून लख्ख करायचं. मग निखाऱ्यावर तापलं की त्यात नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठतो आणि नाकात झोंबतो. तो धूर मी आजही डोळे मिटले की घेऊ शकतो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, त्याने भांड्यावरचा काळा थर निघून जातो, नाहीतर कथील धरतच नाही. मग कथलाची कांडी टेकवायची, ती २३२ अंशाला वितळते, आणि कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवायची. पिवळं भांडं हातोहात चंदेरी होत जातं, आतून बाहेर, कडेपर्यंत. मग चिमट्याने धरून पाण्यात, चर्रर्र.

कल्हई नसलेल्या पितळेत चिंच, कोकम, ताक, टोमॅटो घातलं की पदार्थ कळकतो, हिरवट होतो आणि मळमळ-उलट्या होतात. म्हणून आतून पिवळं किंवा लालसर दिसायला लागलं की ते भांडं बाजूला ठेवायचं, "आज एक दिवस चालेल" असं करायचं नाही. रिकामं भांडं गॅसवर तापवायचं नाही, फोडणी करताना सुद्धा तेल आधी आणि आच मध्यम, नाहीतर कल्हई ओघळून दाणे पडतात. डाव लाकडी. आतून घासायला तारेचा घोस नको. आणि कल्हईवाल्याला स्वच्छ विचारायचं की कथील निव्वळ आहे ना, कारण स्वस्त कल्हईत शिसं मिसळलेलं असू शकतं आणि ते पोटात जाणं फार वाईट. आमच्याकडे येणारे काका कांडी हातात देतात, वाकवून दाखवतात, निव्वळ कथील वाकताना बारीक करकरतं, कानाशी धरलं की ऐकू येतं.

बाहेरून भांडं मात्र चिंच आणि मिठाने घासा, चिंचेतल्या आंबटाने काळपटपणा सुटतो. घासून लगेच धुवा आणि लगेच पुसा, ओलं ठेवलं की डाग.

निमा_न्यूजर्सी
मठार, कथील करकरतं हे मला माहीतच नव्हतं. इकडे कोण कल्हई करतं का शोधते आता, आजीची दोन पातेली आहेत, नुसती शोकेसमध्ये बसलीयत.

रंकाळ्याचा_वारा
ताई, बंबाचं काय ठरलं? सगळी वाट बघतोय आम्ही.

जास्वंद
ओवाताई, आधी तुम्हाला नमस्कार. अग्निशमन दलाला फोन केला, ते येऊन गोळ्या घेऊन गेले, त्या तुम्ही म्हणालात त्याच होत्या. ती कोठी सासूबाईंच्या पलंगापासून चार हातांवर होती. मी त्यावर जास्त लिहू शकत नाही आत्ता.

आता बंब. मठार यांनी लिहिल्याप्रमाणे बघितलं, सगळ्या अंगावर ठोके आहेत, आणि तोटीच्या खाली सासऱ्यांच्या वडिलांचं नाव कोरलेलं निघालं, इतकी वर्षं काजळीखाली होतं. सासूबाईंना दाखवलं. त्यांनी स्वतः चिंच घेऊन ती जागा घासली, दुपारभर. संध्याकाळी म्हणाल्या, वाईला भावाकडे पाठव, तिकडे अंगण आहे आणि घरात सहा माणसं आहेत, रोज पेटेल. मी म्हटलं नक्की ना, तर म्हणाल्या, "तिथल्या पोरांना सांग, आधी एक बादली ओतायची." काल टेम्पोने गेला. मामांचा फोन आला, आज सकाळी पेटवला. सासूबाईंनी फोन स्पीकरवर ठेवायला लावला आणि तोटीतून बादलीत पाणी पडताना ऐकलं. मग जेवल्या.

फ्लॅटमध्ये विळी, दोन पितळी पातेली, एक तांब्याची घागर, लोणच्याच्या तीन बरण्या दादऱ्यासकट (तोंडाला बांधायच्या फडक्यासकट), आणि नानांमुळे सासऱ्यांचे चार सदरे येतायत. डांबराच्या गोळ्या गेल्या, वेखंड आणलं.

मठार, तुमच्या कल्हईवाल्या काकांशी बोलणं झालं, येत्या रविवारी सकाळी नऊला वाड्यात येतायत, पाडायच्या आधी अंगणात शेवटचा खड्डा होईल. जवळपास राहणाऱ्यांना भांडी द्यायची असतील तर शनिवारपर्यंत मला निरोप करा. भाता मारायला मुलांना घेऊन या.